मागच्या ब्रेकचे पॅड : घरी करावयाच्या एका कामाचा अनुभव

मोटरसायकलच्या मागच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलण्याचे काम मोजक्या हत्यारांनी, इमारतीच्या वाहनतळावर किंवा घराच्या अंगणात बसून करता येते, आणि रोजच्या वापरातील मोटरसायकलच्या पॅडची जोडीही सहसा काही शे रुपयांत मिळते. त्यामुळे या कामाची गणना किरकोळ दुरुस्तीत होते. ज्यांनी हे काम घरी अनेकदा केले आहे त्यांचा अनुभव मात्र असा की, जुने पॅड काढून नवे बसवायला काही मिनिटेच लागतात आणि उरलेला सगळा वेळ साफसफाईत, निरीक्षणात आणि तपासणीत जातो. हा उरलेला वेळ ज्याने दिला त्याचा ब्रेक पुढची काही हजार किलोमीटर भरवशाने लागतो. ज्याने तो वाचवला त्याच्या गाडीत नवे पॅड असूनही जुने दोष तसेच राहतात. म्हणून या लेखात कृतीच्या पायऱ्यांइतकेच महत्त्व तपासणीला दिले आहे.

डिस्क ब्रेकची रचना थोडक्यात अशी असते. चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा, गाडीच्या सांगाड्याला पक्का केलेला जबडा म्हणजे कॅलिपर. आणि त्या जबड्यात डिस्कच्या दोन अंगांना बसवलेल्या घर्षणाच्या वड्या म्हणजे ब्रेक पॅड. पॅडची मागची बाजू पोलादी पट्टीची असते आणि तिच्यावर घर्षणद्रव्याचा काही मिलिमीटर जाडीचा थर चिकटवलेला असतो. उजव्या पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील छोटा दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब आणतो, तो दाब नळीतून कॅलिपरमधील मोठ्या पिस्टनपर्यंत पोचतो आणि पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल याने मांडलेला नियम येथे कामाला येतो. समजा, मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास १४ मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ३२ मिलिमीटर असेल, तर दोन्हींच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर पाचाहून थोडे अधिक येते, म्हणजे पिस्टनवरचे बल मूळ बलाच्या पाचपटीहून अधिक होते. पेडलच्या तरफेने झालेली वाढ यात धरलेली नाही.

या यंत्रणेला किती उष्णतेचा सामना करावा लागतो हे आकड्यांतून स्पष्ट होते. स्वारासह २२० किलो वजनाची मोटरसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे ३० हजार ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते, आणि गाडी थांबताना त्यातील बहुतेक ऊर्जेची डिस्क व पॅड यांच्या घर्षणात उष्णता होते; वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. घाट उतरताना हिशेब याहून मोठा असतो. जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना गाडी पाचशेहून अधिक मीटर खाली येते. केवळ पाचशे मीटर धरले तरी त्याच गाडीची सुमारे पावणेअकरा लाख ज्यूल ऊर्जा वाटेत कुठेतरी खर्ची पडावी लागते, आणि ती ताशी ६० किलोमीटर वेगावरून जवळजवळ पस्तीस वेळा थांबण्याइतकी आहे. खालचा गिअर टाकून इंजिनच्या ओढीने वेग आवरला, तर या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन आणि हवा वाटून घेतात. पाय सतत पेडलवर ठेवला, तर तो सगळा भार एका छोट्या डिस्कवर आणि दोन पॅडवर येतो.

या यंत्रणेमागे शतकाहून अधिक काळाचा अनुभव आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या रचनेत तांब्याचे अस्तर धातूच्या तबकडीवर घासत असल्याने आवाज फार होई. घर्षणद्रव्य कोणते असावे हा प्रश्न तेव्हापासून या यंत्रणेच्या मुळाशी आहे. पुढे कित्येक दशके त्याचे उत्तर अ‍ॅस्बेस्टॉस हे होते, आणि त्याचे बारीक तंतू फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर उत्पादकांना दुसरी द्रव्ये शोधावी लागली. मोटरसायकलींच्या बाबतीत १९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीने पुढच्या चाकाच्या द्रवचलित डिस्क ब्रेकला मोठ्या उत्पादनात स्थान मिळवून दिले. मागच्या चाकाला भारतात दीर्घकाळ ड्रम ब्रेकच पुरेसा मानला गेला. २००७ मध्ये आलेल्या बजाज पल्सर २२० सारख्या गाड्यांनी मागची डिस्क सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणली. ब्रेम्बो या इटालियन कंपनीच्या लहान व मध्यम गाड्यांसाठीच्या ‘बायब्रे’ कॅलिपरची निर्मिती पुण्याजवळ होते, आणि देशातल्या अनेक मोटरसायकलींवर ते बसवलेले दिसतात. म्हणजे महाराष्ट्रातील वाहनधारक ज्या भागाला पाना लावतो, तो पुष्कळदा त्याच्याच राज्यात घडलेला असतो.

ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे झुकते, मागच्या चाकावरचा भार कमी होतो, आणि म्हणून जोरात थांबताना मोठे काम पुढच्या ब्रेकचे असते. हे तत्त्व सर्वमान्य असूनही मागचे पॅड पुष्कळदा पुढच्यांच्या आधी झिजतात. याची एक कारणमालिका सवयीची आहे. सायकलवर आणि ड्रम ब्रेकच्या स्कूटरवर शिकलेल्या स्वाराला पुढचा ब्रेक दाबण्याची भीती असते, शहरातील गर्दीत तो उजव्या पायावरच विसंबतो, आणि काहींचा पाय तर नकळत पेडलवर टेकलेलाच असतो. दुसरी कारणमालिका परिस्थितीची आहे. पावसाळ्यात पुढचे चाक रस्त्यावरचा चिखल आणि बारीक वाळू मागे उडवते, ती मागच्या कॅलिपरवर थापली जाते, आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये शिरलेले कण घासणीच्या पेपरासारखे काम करतात. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या एका पावसाळ्यात जेवढी झीज होते, तेवढी कोरड्या हवेच्या गावी बऱ्याच अधिक अंतरात होते, असे निरीक्षण रोज गाडी चालवणारे सांगतात.

पॅड बदलण्याची वेळ ओळखण्याची तीन साधने आहेत. पहिले साधन म्हणजे प्रत्यक्ष जाडी. बहुतेक पॅडच्या घर्षणथरात एक खाच असते आणि ती नाहीशी झाली की पॅड संपला असे समजावे. अनेक उत्पादक घर्षणथराची किमान मर्यादा १ ते १.५ मिलिमीटर अशी देतात, आणि आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. दुसरे साधन म्हणजे ब्रेक ऑइलची पातळी. पॅड झिजत जातो तसा पिस्टन थोडा थोडा बाहेर येऊन स्थिरावतो, त्याच्या मागची जागा ऑइलने भरते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणून पातळी कमी दिसताच वरून ऑइल ओतणे चुकीचे ठरते. आधी पॅड पाहावेत, ते जाड असतील तर गळती शोधावी. तिसरे साधन म्हणजे आवाज. धातूवर धातू घासल्याचा करकर आवाज येऊ लागला, तर पॅडची पोलादी पट्टी डिस्कला लागली आहे असे धरावे, आणि तोवर बहुधा डिस्कवर चरे पडलेले असतात. या तिसऱ्या साधनावर विसंबणारा वाहनधारक पॅडची बचत करतो आणि त्याच्या कित्येक पट किमतीची डिस्क गमावतो.

नवे पॅड निवडताना घर्षणद्रव्याचे दोन मुख्य प्रकार लक्षात घ्यावे लागतात. राळेत तंतू आणि भरणद्रव्ये मिसळून केलेले ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, आवाज कमी करतात आणि डिस्कला जपतात, पण चिखलपाण्यात लवकर झिजतात. धातूंची भुकटी दाबून आणि तापवून एकजीव केलेले सिंटर्ड पॅड ओल्या रस्त्यावर आणि अधिक तापमानात चांगले टिकतात, मात्र डिस्कची झीज थोडी वाढवतात. गाडीच्या उत्पादकाने जो प्रकार सुचवला असेल तो सोडण्याचे सबळ कारण नसेल तर तोच घ्यावा, जोडीतले दोन्ही पॅड एकाच वेळी बदलावेत, आणि वेष्टनावर नाव ओळखीचे पण छपाई संशयास्पद असा स्वस्त माल ब्रेकच्या बाबतीत तरी घेऊ नये. इंजिनच्या आवरणाचा एखादा नकली भाग फार तर खडखडेल. नकली पॅडचे घर्षणद्रव्य पट्टीपासून सुटले, तर ते उतारावरच कळते.

प्रत्यक्ष कामाला गाडी थंड असताना, सपाट जागेवर आणि शक्यतो मुख्य स्टँडवर किंवा मागचे चाक उचलणाऱ्या पॅडक स्टँडवर उभी करून सुरुवात करावी, कारण नुकत्याच चाललेल्या गाडीची डिस्क आणि शेजारचा सायलेन्सर दोन्ही हात भाजण्याइतके तापलेले असतात. मागच्या चाकाला बहुधा सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला असतो, तो आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर स्लाइड पिनांवर सरकून समोरचा पॅडही ओढून घेतो. दोन्ही पॅड ज्या कांडीवर ओवलेले असतात ती पॅड पिन. ही पिन कॅलिपर जागेवर पक्का असतानाच अर्धा आटा सैल करून ठेवावी, कारण कॅलिपर सुटून हातात आल्यावर घट्ट बसलेली पिन फिरवायला आधार उरत नाही. त्यानंतर कॅलिपरचे बोल्ट काढावेत, कॅलिपर नळीवर लोंबकळू न देता दोरीने किंवा तारेने बांधून ठेवावा, आणि गाडीला एबीएस (चाक अडकू न देणारी प्रणाली) असेल तर चाकाची गती मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीवर ताण येणार नाही याची काळजी घ्यावी. पॅड बाहेर काढल्यानंतर पेडलला पाय लागता कामा नये. समोर आधार नसलेला पिस्टन कॅलिपरबाहेर निघून येतो आणि साध्या कामाचे मोठ्या दुरुस्तीत रूपांतर होते.

काढलेले पॅड लगेच टाकून न देता उजेडात नीट पाहणे हा या कामातील सर्वांत शिकवणारा भाग आहे, कारण त्यांच्यावर ब्रेकच्या आणि स्वाराच्या सवयींची नोंद उमटलेली असते. दोन्ही पॅड सारखे झिजले असतील तर कॅलिपर मोकळेपणाने सरकत आहे. पिस्टनच्या बाजूचा पॅड बराच पातळ आणि समोरचा जाड असेल, तर स्लाइड पिना गंजाने किंवा सुकलेल्या ग्रीसने अडकल्या आहेत. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल, तर तो आपल्या खोबणीत तिरका बसत होता. पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी असेल, तर पॅड वारंवार अति तापले आहेत, आणि याचे कारण बहुधा पेडलवर टेकलेला पाय किंवा पूर्ण न सुटणारा पिस्टन हे असते. पॅडवर तेलकट डाग असतील, तर चेनला मारलेला स्प्रे किंवा टायरचे पॉलिश डिस्कपर्यंत पोचले आहे असे समजावे. घर्षणद्रव्यात मुरलेले तेल धुऊन निघत नाही, म्हणून असे पॅड जाड असले तरी टाकून द्यावेत. ही चिन्हे न वाचता नवे पॅड बसवले, तर तेही त्याच पद्धतीने झिजतात.

यानंतर साफसफाई येते. पॅडची धूळ तोंडाने किंवा दाबाच्या हवेने उडवू नये. आजच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याचे लिहिलेले असले तरी ती बारीक धूळ श्वासात जाणे हितावह नसते, म्हणून ब्रेक क्लीनर आणि सुती चिंधी यांनी ती ओली करून पुसावी. बाहेर आलेला पिस्टनचा भाग आधी स्वच्छ करावा आणि मगच तो आत ढकलावा, कारण त्याच्यावरची माती सीलच्या पलीकडे गेली तर सील आणि पिस्टन दोन्हींचे नुकसान होते. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दुहेरी काम करते: ते ऑइल अडवते, आणि ब्रेक लावताना पिस्टनबरोबर किंचित वाकून ब्रेक सुटताच मूळ आकारात परतताना पिस्टनलाही थोडे मागे घेते, पॅड आणि डिस्क यांच्यातील केसाएवढे अंतर या परतीमुळेच राखले जाते. जुना पॅड पिस्टनवर टेकवून, अंगठ्यांच्या किंवा क्लॅम्पच्या सावकाश दाबाने पिस्टन आत सारावा. या वेळी टाकीतली पातळी वर चढते, म्हणून टाकीचे झाकण काढून लक्ष ठेवावे आणि जादा ऑइल आधीच काढून घ्यावे. ब्रेक ऑइल रंगाला खाते. ते सांडले तर तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे.

स्लाइड पिना बाहेर काढून जुने ग्रीस पुसावे, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करावा आणि ब्रेकसाठी बनवलेले सिलिकॉन ग्रीस पातळ लावावे. साध्या खनिज तेलाच्या ग्रीसने पिनांवरचे रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते, ती मापून पाहावी. पॅडचा पृष्ठभाग आणि डिस्क यांना ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये. नवे पॅड, त्यांच्या मागची स्प्रिंगची पट्टी आणि पॅड पिन जागेवर बसवून बोल्ट आधी हाताने आट्यात बसवावेत आणि मग पुस्तिकेत दिलेल्या बलाने, टॉर्क पान्याने आवळावेत. नुसत्या मनगटाच्या अंदाजाने काम करणारा माणूस अ‍ॅल्युमिनियमच्या भागातील आटे घालवतो किंवा बोल्ट सैल ठेवतो, आणि यातले दुसरे पहिल्याहून वाईट.

सर्व भाग जागेवर आले तरी काम पूर्ण झालेले नसते. पिस्टन आत ढकललेला असल्याने पॅड आणि डिस्क यांच्यात मोठे अंतर असते, आणि पहिल्या काही दाबांत पेडल सरळ खाली जाते. गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबलेच पाहिजे, नंतर ऑइलची पातळी पाहिली पाहिजे, आणि उचललेले मागचे चाक हाताने फिरवून ते मोकळे फिरते की नाही हे तपासले पाहिजे. पेडल दाबण्याच्या या एका पायरीचा विसर पडला, तर वाहनतळाच्या उतारावरच समोरच्या भिंतीशी गाठ पडते. त्यानंतरचे पहिले दोनेकशे किलोमीटर नव्या पॅडना रुळू द्यावे लागते. पॅडचा पृष्ठभाग डिस्कच्या पृष्ठभागाशी पूर्णपणे जुळेपर्यंत मध्यम वेगावरून हलके, सलग न दाबलेले ब्रेक लावावेत, एकदम जोरात थांबणे टाळावे आणि घाटाचा प्रवास पुढे ढकलावा.

घरच्या कामाला मर्यादा आहेत, आणि त्या ओळखणे हाही कौशल्याचाच भाग होय. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण प्रमाणित चाचणीइतके पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. घाटात असे जुने ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि दाब पिस्टनपर्यंत पोचत नाही. म्हणून काळवंडलेले किंवा दोन वर्षांहून जुने ऑइल बदलून घ्यावे. पेडल पोकळ लागत असेल, सीलमधून ऑइल झिरपत असेल, पिस्टन आत जात नसेल किंवा डिस्क किमान जाडीच्या खाली गेली असेल, तर काम तेथेच थांबवून गाडी जाणत्या मेकॅनिककडे न्यावी. एबीएस असलेल्या गाडीच्या ब्रेक ऑइलमधील हवा काढण्यासाठी काही वेळा निदान यंत्राची गरज पडते. १२५ घनसेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या दुचाकींना भारतात नव्या मॉडेलसाठी १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी १ एप्रिल २०१९ पासून ही प्रणाली सक्तीची झाली. त्यामुळे अशा गाड्यांची संख्या वाढतच जाणार आहे. एबीएस चाक अडकू देत नाही, परंतु झिजलेल्या पॅडला घर्षण देऊ शकत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

घरी पॅड बदलणाऱ्याच्या मनात कोपऱ्यावरच्या मेकॅनिकबद्दलचा आदर वाढतो, असा या कामाचा आणखी एक अनुभव आहे. बोल्ट किती आवळला गेला हे ज्याच्या बोटांना कळते, नुसत्या आवाजावरून जो अडकलेली पिन ओळखतो, त्याच्या कसबाची किंमत स्वतः गुडघे टेकून बसल्याशिवाय कळत नाही. तरीही मेकॅनिकपुढे दिवसभर गाड्यांची रांग असते, आणि प्रत्येक पिन काढून पुसण्याइतका वेळ त्याला मिळेलच असे नाही. वाहनधारकापाशी एकच गाडी असते. तो एक सुटी त्या कामाला देऊ शकतो, आणि त्या ब्रेकवर त्याचा, मागे बसणाऱ्याचा आणि रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव अवलंबून असतो. घरच्या कामाचे समर्थन मजुरीच्या बचतीवर उभे राहत नाही. ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे त्याने तो आतून पाहिलेला असावा, या अपेक्षेवर ते उभे राहते. ज्यांना हत्यार हाती धरायचे नाही त्यांनीही पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा टॉर्चच्या उजेडात कॅलिपरमध्ये डोकावून पॅडची जाडी पाहावी आणि ऑइलची पातळी तपासावी. त्याला पाच मिनिटे पुरतात, आणि त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही.